म्हणे

आई व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर देत नाही. पाठवलेलं सगळं बघते आणि सवडीने फोन करते. त्या दिवशीही तिचा फोन आला. पाऊस किती झाला, पाणी येतं की अजून टँकरच, धाकटीचा खोकला थांबला का, असं सगळं रीतसर विचारून झालं आणि फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, “ते तुझं भाषण बघितलं. चांगलं बोलला. पण तू कधी आला व्हता रे?”

“कुठे?”

“अण्णांच्या त्या कीर्तनाला.”

मी रेंज नाही असं काहीतरी म्हणालो. वाघोलीत पाणी नसतं, पावसाळ्यात रस्ता नसतो. रेंज मात्र भरपूर असते, हे आईलाही ठाऊक आहे.

मी कीर्तनकाराचा मुलगा. अण्णा वारकरी कीर्तन करायचे. नगर जिल्ह्यात, थोडं बीडकडे. मी स्वतः खराडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो. म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्यात खोट कुठे आहे ते शोधायचं आणि त्याला शांतपणे सांगायचं. वाघोलीला बकोरी रोडवर घर घेतलं तेव्हा इथे ग्रामपंचायत होती. 2021 मध्ये गाव पुणे महापालिकेत गेलं. खाणींवरून खडी घेऊन निघणारे डंपर तसेच राहिले, वाघेश्वराचं देऊळ आणि तळं तसंच राहिलं, टँकरही तसाच राहिला. नवं काय झालं असेल, तर सोसायट्यांच्या हॉलमध्ये झुंबा, संस्कारवर्ग आणि आमचा भाषणाचा क्लब.

कंपनीत वरच्या लोकांपुढे उभं राहून बोलायची वेळ आली की माझा घसा सुकायचा. कीर्तनकाराच्या पोराला बोलता येत नाही याची घरात चेष्टा व्हायची. अण्णा मात्र एकदाच म्हणाले होते, “त्याला ऐकता येतं. ते जास्त अवघड आहे.” तेव्हा मला ते बापाने पोराची बाजू सावरून घेतल्यासारखं वाटलं होतं.

क्लब दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी पाच वाजता भरतो. ज्या हॉलमध्ये बारसं होतं, तेराव्याचं जेवण होतं आणि मेंटेनन्सवरून भांडणं होतात, तिथेच. कॅरमचा बोर्ड भिंतीला टेकवायचा, पंचवीस प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायच्या. पद्धत टोस्टमास्टर्सची. राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थाने 1924 मध्ये कॅलिफोर्नियात, सांता आना गावातल्या वायएमसीएच्या इमारतीत हे सुरू केलं. (पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वक्तृत्वोत्तेजक सभेची वसंत व्याख्यानमाला 1875 मध्येच सुरू झाली होती, हे मी पहिल्याच दिवशी क्लबात सांगून टाकलं. पुण्यात राहायचं म्हणजे एवढं करावंच लागतं.) आमच्याकडे एका शनिवारी मराठी, दुसऱ्या शनिवारी इंग्रजी. ठरलेलं भाषण पाच ते सात मिनिटांचं. पाच मिनिटांना टायमर हिरवं कार्ड दाखवतो, सहाला पिवळं, सातला लाल. साडेचार मिनिटांच्या आत संपलं किंवा साडेसातच्या पुढे गेलं, तर भाषण मतदानातून बाद. एक जण भाषेवर लक्ष ठेवतो. एक जण भाषणाचं मूल्यमापन करतो: आधी कौतुक, मग सूचना, मग पुन्हा कौतुक. आणि एक असतो ‘आ काउंटर’. वक्त्याने किती वेळा ‘अं’ केलं, किती वेळा ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’, ‘बरं का’ असे टेकू घेतले, ते तो चौकटीच्या कागदावर काट्या मारून मोजतो आणि शेवटी सगळ्यांसमोर वाचून दाखवतो. हे काम सगळ्यांत नावडतं, आणि माझ्या मते सगळ्यांत धार्मिकही. आपल्या तोंडून काय जातंय हे माणसाला कळत नाही. दुसऱ्याला ते मोजावं लागतं.

पहिलं भाषण स्वतःविषयीच असतं. त्याला आइस ब्रेकर म्हणतात. मी कोण, कुठला, काय सोसलं, काय शिकलो. माझं ते भाषण वाईट झालं. ‘अं’ एकोणीस. पण मला थांबवून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीने. नवविधा भक्तीत पहिलं श्रवण आणि नववं, शेवटचं, आत्मनिवेदन. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात याच क्रमाने एकेक समास दिला आहे, आणि नवव्या समासात आत्मनिवेदन कसं करायचं तर आधी ‘मी कोण’ ते शोधायचं, आणि शोधता शोधता वेगळा असा मी सापडतच नाही, तेच निवेदन झालं, असं त्यांचं सांगणं. आमच्या क्लबात आत्मनिवेदन पहिल्याच शनिवारी उरकतात. आणि आजच्या मराठीत निवेदन म्हणजे तर माइक हातात धरून बोलणं.

हे सगळं मला तेव्हा विनोद म्हणून सुचलं होतं. एका मूल्यमापनात वापरलंही. लोक हसले.

आता त्या भाषणाकडे येतो.

2018 साली, फाल्गुनात, बीजेच्या सप्ताहात अण्णांचं कीर्तन होतं. ते त्यांचं शेवटचं ठरलं. तुकोबांचा अभंग घेतला होता. दोन चरण निरूपण झालं आणि तिसरा चरण त्यांना आठवेना. त्यांच्या विसराळूपणाची ती सुरुवात होती. पुढे दोन वर्षांत ते आम्हालाही विसरले आणि गेले. त्या रात्री मी तिथे नव्हतो. मी खराडीला होतो, आमच्या कामाचं नवं व्हर्जन त्या रात्री बाहेर पडायचं होतं आणि रात्री दीडला मी कॅन्टीनमध्ये मॅगी खात होतो. दुसऱ्या दिवशी चुलतभावाने फोनवर सांगितलं, तेही इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर.

वर्षभरापूर्वी मी ती गोष्ट क्लबात भाषण म्हणून घ्यायचं ठरवलं. पहिल्या खर्ड्यात जसं कळलं तसं होतं: अण्णा दोन चरण बोलले म्हणे, मग थांबले म्हणे, कुणाला काही कळेना म्हणे. सरावाच्या बैठकीत ते वाचून दाखवलं. त्या दिवशी आ काउंटर होती एक कॉलेजातली मुलगी, फार हुशार आणि नेमकी. तिने अहवाल दिला: “अं, चार. म्हणजे, दोन. म्हणे, सात.” तिने ‘म्हणे’ टेकूंमध्ये धरला होता. मला सल्ला देणारे ज्येष्ठ सभासद, बँकेतून निवृत्त झालेले, त्यांनीही तेच सांगितलं. “ऐकीव नका ठेवू. गोष्ट सांगायची नाही, दाखवायची. श्रोता तिथे बसला पाहिजे.” सल्ला अगदी बरोबर होता. गोष्ट सांगणाऱ्या कुणालाही मी आज हाच सल्ला देईन.

मी ‘म्हणे’ काढले. सातही. भाषण एकदम हलकं झालं, पळायला लागलं. पण एक अडचण आली. अण्णा थांबले हे कोण बघतंय? वाक्याला डोळे हवेत. मग मी मांडवाच्या मागे उभा राहिलो, खर्ड्यात. पुढच्या खर्ड्यात पहिल्या रांगेत येऊन बसलो. तिसऱ्यात अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. चौथ्यात मी ओठ हलवून त्यांना चरण सांगितला आणि त्यांनी तो उचलला. खोटं बोलायचं असं कोणत्याही टप्प्यावर ठरवलं नव्हतं. प्रत्येक वेळी मी फक्त वाक्य सुधारत होतो.

भाषण सहा मिनिटं चाळीस सेकंदांचं झालं. ‘अं’ शून्य. अण्णांची नजर माझ्यावर येते तिथे मी चार सेकंद थांबलो, जसं शिकवलं होतं तसं. दोघी-तिघींनी डोळे पुसले. उत्कृष्ट वक्त्याची फीत मला मिळाली, निळी, सोनेरी अक्षरांची. कुणीतरी मोबाइलवर घेतलेलं चित्रण बायकोने घरच्या ग्रुपवर टाकलं. आणि मग आईचा फोन.

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्यात. अण्णा स्वतः काय करत होते? गोरा कुंभाराचं आख्यान लावायचे तेव्हा गोरोबांची बायको अगदी आमच्या गल्लीतल्या बाईसारखी बोलायची. ते संवाद कुठल्या पोथीत आहेत? पदरचं घातल्याशिवाय कीर्तन रंगत नाही. खरं आहे. मी बरेच दिवस स्वतःला हेच सांगत होतो.

पण अण्णांच्या कीर्तनात एक यंत्रणा होती, ती मला उशिरा दिसली. वारकरी कीर्तनात बुवा एखादं विधान करतात आणि लगेच त्याला प्रमाण देतात: ज्ञानोबांची ओवी, नाथांचा, तुकोबांचा चरण. बुवांनी पहिले दोन शब्द उच्चारले की मागचे टाळकरी पुढचा चरण उचलतात. नुसतं म्हणून भागत नाही. म्हणणं कुणाचं आहे ते समोर यावं लागतं, आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्यांना ते पाठ असतं. चुकलं तर खालून आवाज येतो. प्रमाण हा शब्द गावातल्या टाळकऱ्याच्या तोंडी इतका रुळलेला आहे की तो न्यायशास्त्रातून आला आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. ज्ञान खरं आहे कशावरून, तर ते ज्या वाटेने आलं ती वाट कोणती, यावरून. नैयायिकांनी चार वाटा मानल्या: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे विश्वासू माणसाने सांगितलेलं. चार्वाकांनी एकच मानली, प्रत्यक्ष. त्या अर्थाने आमचा क्लब पक्का चार्वाक. तुम्ही पाहिलं असेल ते सांगा, तुम्ही भोगलं असेल ते सांगा. दुसऱ्याकडून आलेलं सगळं फिकं.

मराठीत शब्दप्रमाणासाठी एक इवलासा शब्द आहे, आणि तो म्हणजे ‘म्हणे’. हे मी पाहिलेलं नाही, माझ्यापर्यंत आलेलं आहे, येताना कुणाच्या तरी तोंडून आलेलं आहे, एवढं सगळं तो दोन अक्षरांत सांगतो. कधी त्यात शंका असते, कधी टोमणा असतो, कधी नुसता हवाला. माझी आई या शब्दाशिवाय गावातली एकही बातमी देत नाही. “पाटलाच्या सुनेला मुलगी झाली म्हणे.” ती मुलगी ती स्वतः बघून आलेली असली, की ‘म्हणे’ जातो. फार काटेकोर आहे ती याबाबतीत. म्हणूनच तिला सापडलं. माझ्या भाषणात ‘म्हणे’ नव्हता. म्हणजे पोरगं तिथे असणार. पण पोरगं तर नव्हतं.

मी शब्द घेतला आणि तो प्रत्यक्ष म्हणून खपवला. अण्णांचं पदरचं आणि माझं पदरचं यांत मला दिसतो तो फरक एवढाच. गोरोबांची बायको अण्णांनी रंगवली तरी मांडवातल्या कुणालाही, शेंबड्या पोरालासुद्धा, असं वाटत नव्हतं की महाराज गोरोबांच्या तेरढोकीला हजर होते. मीमांसकांनी वेदातल्या वाक्यांची वाटणी केली होती, विधी आणि अर्थवाद. अमुक कर, हा विधी. आणि ते करावंसं वाटावं म्हणून त्याची जी थोरवी गायलेली असते, ज्या कथा दिलेल्या असतात, तो अर्थवाद. अर्थवाद शब्दशः खरा असलाच पाहिजे असा त्यांचा आग्रह नाही. तो ज्या विधीला धरून आहे त्याच्या खरेपणावर त्याचं भागतं. अण्णांच्या रंगवण्याला विधी होता: नाम घे, अहंकार सोड, चार लोकांत नीट वाग. माझ्या भाषणात थोरवी भरपूर होती. कशाची होती ते बघायला गेलो तर निळी फीत हाताला लागली.

एक मात्र मला अजून नीट सोडवता आलेलं नाही, आणि ते टाळून पुढे जाणं बरोबर नाही. संतांनी स्वतः ऐकीवाची थट्टाच केली आहे. कबीर पंडिताला सुनावतो की तू कागदावरचं सांगतोस, मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. तुकोबाही अनुभवाशिवायच्या बोलण्याला भाव देत नाहीत. पोपटपंचीवर त्यांचा राग आहे. मग क्लबवालेच संतांच्या जवळचे नाहीत का? काही अंशी आहेत, असं मी म्हणतो. दुसऱ्याचं ऐकून दुसऱ्याला सांगत बसणं ही पळवाट होऊ शकते. मी आयुष्यभर बोलायला घाबरलो त्यात तीही होती. पण कबिराने पाहिलेलं सांगितलं कारण त्याने पाहिलं होतं. न पाहिलेलं पाहिल्यासारखं सांगण्याची मुभा त्याच्या बोलण्यातून निघत नाही. आणि तुकोबांनी एकदा स्वतःचा सगळा वृत्तांत सांगितला आहे, व्यवसाय बुडाला, दुष्काळात बायको अन्नावाचून गेली, देऊळ दुरुस्त केलं, हे सगळं. तिथे सुरुवातीलाच ते काय म्हणतात ते मला फार लागलं: हे बोलू नये, पण तुम्ही संतांनी विचारलंत म्हणून तुमचा शब्द राखला. त्या काळचा आइस ब्रेकर म्हणायला हरकत नाही. फक्त, कुणीतरी विचारल्यावर. त्याच तुकोबांनी कीर्तनकाराला ताकीद दिली आहे की जिथे कीर्तन केलं तिथलं अन्नसुद्धा घेऊ नये, कपाळी बुक्का लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये. फीत लावून घ्यावी की नाही हे त्यावरून ज्याने त्याने ठरवावं. अण्णा बिदागी घेत, खोटं कशाला सांगू. पण माळ घेतली की लगेच विणेकऱ्याच्या गळ्यात घालत.

या भानगडीत एक मजेची गोष्ट लक्षात आली. आपल्याकडचं मोठं म्हणावं असं जवळजवळ सगळं वाङ्मय ‘म्हणे’ने सुरू होतं. वेदांना नावच श्रुती, ऐकलेलं. महाभारत नैमिषारण्यात सौती सांगतो. त्याने ते वैशंपायनाच्या तोंडून ऐकलं, वैशंपायनाने व्यासांकडून. गीता कृष्णाने अर्जुनाला सांगितली हे आपल्याला संजयाने सांगितलं, आणि दिव्यदृष्टीच्या त्या माणसानेसुद्धा शेवटी कबूल केलं की व्यासांच्या कृपेमुळे मला हे ऐकायला मिळालं. बौद्ध सुत्तं उघडतात ती ‘असं मी ऐकलं आहे’ या अर्थाच्या वाक्याने. बोलणारा आनंद, जो बुद्धाच्या सावलीसारखा वर्षानुवर्षं सोबत होता. जैनांचं आचारांग सूत्रही असंच उघडतं, ‘आयुष्मन्, मी ऐकलं आहे, भगवंतांनी असं सांगितलं’. एकमेकांशी कशातही न पटणारे तीन पंथ, आणि तोंड उघडताना तिघांचंही पहिलं वाक्य एकच. आमच्या आ काउंटरने तिघांनाही काटी मारली असती.

आणि आमच्या वाघोलीतून जो नगर रस्ता जातो, तो नगरवरून पुढे नेवाशाला जातो. तिथे शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानदेवांनी गीता मराठीत सांगितली. लिहिली नाही, सांगितली. लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी. कृष्णाचं म्हणणं संजयाच्या तोंडचं, ते व्यासांनी लिहिलेलं, ते निवृत्तिनाथांच्या कृपेने मी बोलतो आहे, ही साखळी ते एकदाही तुटू देत नाहीत. नवव्या अध्यायाच्या सुरुवातीला श्रोत्यांकडे अवधान मागतात आणि लगेच म्हणतात की हे मी मोठेपणाने म्हणत नाही, सलगीने मागतो आहे. श्रोता तिथे सर्वज्ञ आहे, बोलणारा लेकरू. हाच रस्ता आता सकाळी साडेआठला केसनंद फाट्याजवळ तुंबतो आणि आम्ही सगळे आपापल्या गाडीत बसून, चांगलं कसं बोलावं, यावरचे पॉडकास्ट ऐकतो.

आमच्या क्लबचा टायमर मूळचा लातूरकडचा, औसा तालुक्यातल्या गावचा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजायला थोडा अवकाश असताना, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तो दहा वर्षांचा होता. त्यानंतर भारतीय जैन संघटनेने त्या भागातली सुमारे 1200 मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली. वाघोलीचं त्यांचं शैक्षणिक संकुल त्यासाठीच उभं राहिलं. तो त्या मुलांपैकी. इथेच शिकला, इथेच राहिला, आता बांधकामाचं साहित्य पुरवतो. बोलायला उत्तम आहे. टँकरवाल्यांवरचं त्याचं भाषण ऐकून लोक खुर्चीवरून पडायचे बाकी होते. पण भूकंपावर तो बोलत नाही. क्लबात सगळे त्याच्या मागे लागतात. “तुमच्याकडे अशी गोष्ट आहे, जिल्ह्यात पहिला नंबर काढाल.” तो हसतो आणि टायमरची कार्डं घेऊन बसतो.

आईच्या फोननंतरच्या शनिवारी खुर्च्या लावताना मी त्याला विचारलं. त्रास होतो का बोलताना, असं विचारणार होतो, विचारलं भलतंच. “तुम्ही ती गोष्ट का घेत नाही?”

“कोणती?” म्हणाला, आणि खुर्ची झटकली. “सर, आम्ही झोपलो होतो. कुणीतरी बखोटीला धरून ओढलं ते आठवतंय. तोंडात माती होती ते आठवतंय. मग उजाडल्यावर एकाने बिस्किटाचा पुडा दिला, तो फोडता येईना. बस. मधलं सगळं नंतर लोकांनी सांगितलेलं. आठवतं तेवढं बोलायचं तर मिनिट होत नाही. तुमचं हिरवं कार्डसुद्धा निघणार नाही.”

“मधलं सांगता येईल की.”

“मधलं माझ्या चुलत्याचं आहे. त्याने काढलं आम्हाला. तो सांगंल त्याला वाटलं तर.”

आणि तो दुसरी रांग लावायला गेला. त्याला यात तत्त्वज्ञान वगैरे काही दिसत नव्हतं. खुर्च्या पंचवीस लावायच्या की तीस, एवढाच त्याच्यापुढचा प्रश्न होता.

त्या रात्री मी अण्णांच्या पखवाजवाल्याला फोन लावला. सात वर्षांत पहिल्यांदा. काका आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येतं, त्यामुळे संभाषण सगळं ओरडून झालं. शेजारच्या फ्लॅटमध्येही ऐकू गेलं असणार.

“काका, बीजेला अण्णा चरण विसरले, तेव्हा काय झालं होतं?”

“काय व्हायचंय? थांबले.”

“किती वेळ?”

“असतील पाच-सात मात्रा... नाही, जास्त. आम्हाला वाटलं मुद्दाम थांबले. महाराज थांबायचे ना मधी तसं. म्हणून आम्ही कुणी चरण उचलला नाही. चूक आमचीच.”

“मग?”

“मग बायांच्या बाजूनं एक म्हातारी बोलली. मोठ्यांदा. सगळा चरण म्हणली, चालीत नाही, असा नुसता, पाढा म्हणल्यागत.”

“अण्णा काय म्हणाले?”

काका हसायलाच लागले. “म्हणले, ‘माउली, आता तुम्हीच या इकडं, मी बसतो तिकडं.’ सगळा मांडव हसला. मग झालं की पुढं कीर्तन. चांगलं झालं. काल्याला दहीलाह्या कमी पडल्या, ते भांडण मोठं झालं त्या साली.”

म्हणजे माणसं हसली होती. ज्या ठिकाणी मी चार सेकंद थांबून क्लबातल्या बायकांना रडवलं, त्या ठिकाणी मूळ मांडव हसला होता. अण्णांना विसर पडल्याची लाज वाटली नव्हती, निदान तेव्हा तरी. आणि चरण सांगणारा मी नव्हतो. मी असतो तरी नसतो, कारण मला तो अभंग अख्खा येत नाही. हेही भाषणात बसलं नव्हतं.

ऐकणारी ती म्हातारी. अण्णा म्हणाले होते, ऐकणं जास्त अवघड आहे. तिने अभंग किती वर्षं ऐकला असेल, किती बुवांच्या तोंडून, शेण-भाकरी उरकून येऊन मांडवाच्या कडेला बसून, की ज्या रात्री गरज पडली त्या रात्री तो तिच्या तोंडून पाढ्यासारखा बाहेर पडला. तिला कुणी मूल्यमापक नव्हता.

पुढच्या मराठी शनिवारी मी तीच गोष्ट परत घेतली. अध्यक्षांना वाटलं स्पर्धेची तयारी चालली आहे. मी सुरुवातीलाच सांगितलं की गेल्या वेळी मी पहिल्या रांगेत बसलो होतो, तसा मी कुठेच बसलो नव्हतो; खराडीला मॅगी खात होतो. हॉलमध्ये थोडी चुळबुळ झाली. निवृत्त बँकवाले साहेब चष्मा काढून पुसू लागले. मग काकांनी सांगितलं तेवढं सांगितलं, काकांनी सांगितलं असं सांगून. म्हातारीपाशी आलो तेव्हा लोक हसले, पण थोडे. मला चाल साधली नाही, अण्णांना साधली असती. संपलं आणि मी बसलो.

मूल्यमापन करणाऱ्या बाईंनी सांगितलं की प्रामाणिकपणा आवडला, पण शेवट अधांतरी वाटला, आणि मधे थांबणं कमी झालं. दोन्ही बरोबर होतं. मग आ काउंटर उठली, तीच कॉलेजातली मुलगी. कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “अं, सहा. म्हणजे, तीन. म्हणे...” थोडं थांबली. “म्हणे मी आज मोजला नाही.”

टायमरने मात्र नेहमीच्याच आवाजात वाचलं. “तीन मिनिटं पन्नास सेकंद. मतदानासाठी अपात्र.” हिरवं कार्ड त्याच्या मांडीवर उताणं पडलं होतं.

सभा संपल्यावर खुर्च्या एकात एक घालताना तो माझ्याजवळ आला. मला वाटलं, काही बोलेल त्याच्या गोष्टीवर. “त्या म्हातारीचं नाव काय?” त्याने विचारलं.

“माहीत नाही.”

“विचारलं नाही काकांना?”

“नाही सुचलं.”

“विचारा की,” म्हणाला, आणि कॅरमचा बोर्ड एका बाजूने उचलला. दुसरी बाजू मी धरली.

खाली येऊन आईला फोन लावला. बायांच्या बाजूला ती होती त्या रात्री, तिला माहीत असणार. दोनदा लावला. उचलला नाही, ही वेळ तिच्या हरिपाठाची.